कसा होता पिक्चर? सोलापूरच्या प्रेक्षकाने मत सांगायची रीत

शुक्रवारी पिक्चर लागतो, शनिवारी रात्री घरच्या ग्रुपवर प्रश्न येतो, "कसा होता बे?" उत्तर जातं, "लई भारी." किंवा, "बकवास, पैसे गेले." विचारणाऱ्याच्या हाती यातून काहीच लागत नाही. चादर घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला सिंगल की डबल तेसुद्धा न सांगता "चांगली आहे, घ्या" म्हणण्यातला हा प्रकार.

उत्तर द्यायच्या आधी समोरच्याला काय हवंय ते ओळखा. बहुतेक वेळा तीनातलं एक असतं. त्याला जावं की न जावं हे ठरवायचंय; किंवा आईवडील, पोरंबाळं घेऊन जायचंय आणि पंचाईत होणार नाही ना हे बघायचंय; किंवा त्याने स्वतः पाहिलाय आणि गप्पा मारायच्यात. पहिल्याला चार ओळी पुरतात. दुसऱ्याला नेमकी माहिती लागते, तुमच्या आवडीनिवडीशी त्याला कर्तव्य नाही. तिसऱ्याशी शेवटासकट सगळं बोलता येतं. घोळ होतो तो पहिल्याला तिसऱ्याचं उत्तर दिल्यावर.

थिएटरात बसल्या बसल्या

पिक्चरच्या सुरुवातीला सेन्सॉर बोर्डाचं सर्टिफिकेट दहा सेकंद पडद्यावर असतं. तेवढ्यात पॉपकॉर्नची पिशवी न फोडता ते वाचा. चित्रपटाची भाषा, कुठल्या वयासाठी, किती मिनिटांचा, सगळं त्यावर असतं. २०२४ च्या नव्या नियमांनंतर 'यूए'चे तीन भाग झालेत: ७+, १३+ आणि १६+. पालकांनी ठरवायला हा इशारा आहे, दारावर अडवण्यासाठी नव्हे. 'ए' असेल तर मात्र अठराच्या खालच्याला आत सोडत नाहीत. ही दोन-तीन आकड्यांची माहिती नंतर कुणी विचारली की तोंडपाठ हवी, कारण "किती वेळाचा आहे?" हा प्रश्न हमखास येतो. शेवटच्या शोवरून विडी घरकुल वसाहतीपर्यंत परत जायचं असेल, तर एकशेतीस मिनिटं आणि एकशेऐंशी मिनिटं यात रिक्षा मिळण्या-न मिळण्याचा फरक असतो.

अंधारात मोबाईल काढून टिपणं घेऊ नका. मागच्या तीन रांगांच्या डोळ्यात उजेड जातो. मध्यंतर त्यासाठीच आहे. समोसा आणायला रांगेत उभे असाल तेव्हा तीन गोष्टी लिहून टाका: आत्तापर्यंत लक्षात राहिलेला एक प्रसंग, लक्ष उडालं ती जागा, आणि पुढे काय होईल असं वाटतंय. ही तिसरी नोंद फार उपयोगी पडते. पिक्चर संपल्यावर "आधीच कळलं होतं" असं सगळेच म्हणतात. तुम्ही मध्यंतराला लिहिलं असेल तर खरोखर कळलं होतं की नाही ते दिसतं.

बाहेर पडल्यावर, गाडी पार्किंगमधून काढायच्या आधी, आणखी तीन ओळी. आणि हे सगळं दुसऱ्या कुणाचं मत वाचायच्या आधी. एकदा का कुणाचे साडेतीन स्टार नजरेखालून गेले की तुमचंही मत साडेतीनच्या आसपासच घुटमळायला लागतं.

शेवटची वीस मिनिटं जोरदार असली की आख्खा पिक्चर जोरदार वाटतो, आणि शेवट फसला की आधीचे दोन तास उगाचच पाण्यात जातात. बाहेर पडताना आलेली झिंग रात्रभर उतरू द्या. सकाळी चहाबरोबर मध्यंतरातली नोंद आणि रात्रीची नोंद शेजारी ठेवून वाचली की मत जागेवर येतं. घाई असेल आणि रात्रीच सांगायचं असेल, तर "आत्ताच बाहेर पडलोय" एवढं जोडायला विसरू नका. ऐकणारा तेवढं वजा करून घेतो.

प्रेक्षकांकडेही थोडं बघावं. बाल्कनीत बसलात तर खाली कुठे कुठे मोबाईलचे उजेड लागतात ते दिसतं. एखाद्या गाण्याला एकदम पंधरा-वीस उजेड लागले आणि माणसं उठून बाहेर निघाली, तर त्या गाण्याने पकड सोडली हे सांगायला समीक्षक लागत नाही. पण शो कोणता होता हेही सांगा. पहिल्या दिवशी पहिल्या शोला फॅन मंडळी शिट्ट्या मारणारच, आणि सोमवारी दुपारी बाराच्या शोला हसायलाही कुणी नसतं. विनोदी पिक्चर रिकाम्या थिएटरात अर्धा पडतो. रडवणारा पिक्चर मात्र रिकाम्या थिएटरात जास्त लागू पडतो.

दोष पिक्चरचा की थिएटरचा

लोकांच्या मतांत सगळ्यात जास्त गफलत इथे होते, म्हणून जरा तपशिलात.

"संवाद कळलेच नाहीत." थिएटरात संवाद मुख्यतः पडद्यामागच्या मधल्या स्पीकरमधून येतात, पार्श्वसंगीत आणि आजूबाजूचे आवाज बाजूच्या आणि मागच्या स्पीकरवरही पसरलेले असतात. मधला स्पीकर अशक्त झाला की गाणी दणक्यात वाजतात आणि बोलणं गोधडीखालून आल्यासारखं वाटतं. ओळखायचं कसं? सगळ्याच प्रसंगांत, सगळ्याच पात्रांचे संवाद दबलेले असतील तर दोष थिएटरचा. एकच नट पुटपुटतोय, किंवा फक्त पार्श्वसंगीत सुरू झालं की शब्द बुडतात, तर दोष पिक्चरचा. आणखी एक कारण म्हणजे आवाजाची पातळी. थिएटरच्या ध्वनियंत्रावर बहुधा शून्य ते दहा अशी मोजपट्टी असते आणि पिक्चरचं मिश्रण सातवर ऐकायचं या हिशेबाने केलेलं असतं. जाहिराती फार कर्कश असतात, लोक तक्रार करतात, म्हणून ऑपरेटर ती पाचवर आणून ठेवतो. मग पिक्चरमधली हळू कुजबुज गायब. एप्रिल-मे मध्ये जुन्या थिएटरातल्या पंख्या-कुलरची घरघर त्यात मिळवा.

"फोटोग्राफी अंधारी आहे." आधी आठवा, जाहिराती आणि ट्रेलरही मळकट दिसत होते का? दिसत असतील तर प्रोजेक्टरचा दिवा म्हातारा झालाय. थ्रीडी चष्म्यातून अर्ध्याहून जास्त उजेड जातो, त्यामुळे थ्रीडी पाहून "कॅमेरामनने अंधारात काम केलं" असं म्हणू नये. रात्रीचे प्रसंग तेवढे दिसत नाहीत आणि दिवसाचे लख्ख आहेत, तर ती निवड चित्रपट करणाऱ्यांची. त्यावर खुशाल बोला. दार उघडं राहून बाहेरच्या ट्यूबलाइटचा पट्टा पडद्यावर पडत असेल, तर मध्यंतराची वाट न बघता उठून सांगा.

"डोकी कापलेली दिसतात" किंवा "खालची सबटायटल्स अर्धी कापली." पडद्यावरची चौकट मुख्यतः दोन मापांत येते: लांबट २.३९ ला १ आणि त्यापेक्षा उंच १.८५ ला १. प्रोजेक्टरवर चुकीचं माप निवडलं की कडा पडद्याबाहेर जातात. दिग्दर्शकाचा यात काहीच हात नाही.

"ओठ आणि आवाज जुळत नाही." याची परीक्षा सोपी आहे. दार आपटतं, ग्लास फुटतो, गोळी सुटते, अशा एखाद्या जागी आवाज चित्राबरोबर येतो का बघा. दाराचा आवाजही मागेपुढे होत असेल तर थिएटरची जुळणी बिघडलीय, मध्यंतरात मॅनेजरला सांगा. दार बरोबर आपटतंय आणि फक्त ओठ चुकतायत, तर तुम्ही डब केलेला पिक्चर बघताय किंवा डबिंग हलगर्जी आहे.

मध्यंतराचंही असंच. आपल्याकडचे लेखक मध्यंतर धरूनच पटकथा बांधतात, एक झटका देऊन दिवे लावतात. इंग्रजी पिक्चरमध्ये मध्यंतर लिहिलेलंच नसतं. थिएटरवाले सोयीची जागा बघून तोडतात, कधीकधी बोलणं चालू असतानाच. "इंटरव्हल भलत्याच ठिकाणी घेतला" ही तक्रार मग त्या दिग्दर्शकाच्या नावावर टाकू नका.

कुठल्या भाषेतला पाहिलात?

सोलापुरात हा प्रश्न आधी विचारल्याशिवाय वाद घालायचाच नाही. पूर्व भागात घरात तेलुगू बोलणारी मंडळी तेलुगू पिक्चर मुळातून बघतात. सात रस्त्यावरचा त्यांचा कॉलेजातला दोस्त तोच पिक्चर हिंदीत बघतो. अक्कलकोटकडचा कन्नड बोलणारा तिसऱ्याच भाषेत. तिघं पार्क चौकात भेजाफ्राय करत भांडतात आणि अर्धं भांडण डबिंगचं असतं.

डबमध्ये काय काय बदलतं ते माहीत असू द्या. नायकाचा आवाज दुसऱ्याचा असतो, म्हणून "आवाजात दम नाही" हा शेरा त्या नटाला लागू होत नाही. त्याच्या अभिनयाबद्दल बोलायचं तर डोळे, चाल, शरीर यावर बोला. ओठांच्या हालचालीत बसवायला वाक्यं लांब-आखूड केलेली असतात. शब्दांवर कोट्या करणारे विनोद बहुतेक वेळा मेलेले असतात, त्यांच्या जागी कुणीतरी हिंदीतले तयार विनोद टाकलेले असतात. गावाकडची बोली आणि शहरी बोली यातला फरक तर पारच पुसला जातो. गरीब आणि जमीनदार एकाच मुंबईया हिंदीत बोलायला लागतात. टीव्हीवर लागणाऱ्या हिंदी डबमध्ये बरेचदा कापाकापीही असते. तेव्हा मताच्या पहिल्या ओळीतच टाका: "हिंदी डब, थिएटरात" किंवा "तेलुगू, सबटायटलशिवाय". दोन भाषा येणाऱ्याने दोन्ही पाहिलं असेल तर त्याचं मत सोन्याचं. त्याने काय हरवलं ते नेमकं सांगावं.

मताची बांधणी

क्रम असा ठेवला की ऐकणाऱ्याला सोपं जातं: कुठे, कोणत्या भाषेत, कुठल्या शोला पाहिला, पिक्चर कुठल्या जातीचा आहे, जमलेली एक गोष्ट पुराव्यासकट, फसलेली एक गोष्ट पुराव्यासकट, कुणी बघावा आणि कुठे बघावा. सहा-आठ ओळींत बसतं.

पुरावा म्हणजे एक प्रसंग. "अ‍ॅक्टिंग जबरदस्त" म्हणालात की लगेच स्वतःला विचारा, कुठे? शक्यतो असा क्षण काढा जिथे नट बोलत नाहीये. संवादाच्या जोरावर टाळी घेणारा प्रसंग बऱ्याचदा लेखकाचा असतो. समोरचा बोलतोय आणि हा नुसता ऐकतोय, तेव्हा चेहऱ्यावर काही चाललंय का, हे बघितलं की नटाचं काम कळतं.

कथा किती सांगायची? ट्रेलरमध्ये आहे तेवढी बिनधास्त. त्यापुढे पहिल्या चतुर्थांशापर्यंत, म्हणजे अडीच तासांच्या पिक्चरमध्ये साधारण पस्तीस-चाळीस मिनिटांपर्यंत जे घडतं, ते गरज पडली तरच. मध्यंतराचा झटका, पाहुणा कलाकार, कोण मरतं, खरा गुन्हेगार कोण, हे ओठांवर येऊ द्यायचं नाही. आणि एक चूक चांगली चांगली माणसं करतात: "शेवट काही सांगत नाही, पण डोकं गरगरतं बघ!" हे सांगणंच झालं. ऐकणारा आता दोन तास फक्त कलाटणीची वाट बघत बसणार, प्रत्येक पात्राकडे संशयाने बघणार. कलाटणी आहे हेसुद्धा गुपितच ठेवा.

नमुना म्हणून एक काल्पनिक पिक्चर धरू, गावोगावच्या एसटीवरच्या कंडक्टरचा विनोदी मराठी पिक्चर. नेहमीचं मत असं येतं:

"मस्त आहे. कॉमेडी भारी. सेकंड हाफ थोडा स्लो. एडिटिंग अजून चांगलं पाहिजे होतं. एकदा बघायला हरकत नाही. साडेतीन स्टार."

हे मत कुठल्याही पिक्चरला चिकटवता येतं. आता हेच दुरुस्त करून:

"रविवारी संध्याकाळचा शो, अर्धं थिएटर भरलेलं. एसटी कंडक्टरच्या एका दिवसाची गोष्ट, मारामारी नाही, नाचगाणी नाहीत. सुट्ट्या पैशांवरून होणारं भांडण दहा मिनिटं चालतं आणि एकदाही कंटाळा येत नाही. म्हातारीचं काम करणारी बाई डोळ्यांनीच हसवते. मध्यंतरानंतर बस बंद पडते, तिथून पात्रं एकमेकांना आपापली दुःखं रांगेने सांगायला लागतात. चौथ्या दुःखाला आमच्या रांगेतले दोघं बाहेर गेले. घरातल्या सगळ्यांबरोबर बघता येईल, एकही शिवी नाही. कॅमेऱ्यासाठी थिएटरात जायची गरज नाही, पण हसायला गर्दी हवी."

पहिल्यापेक्षा हे लांब आहे, तरी सहा-आठ ओळींत बसतं. यात "भारी" हा शब्द नाही तरी माणसाला जायचं की नाही ते ठरवता येतं. ज्याला संथ, बोलका पिक्चर आवडतो तो तुमच्या तक्रारीवरूनच तिकीट काढेल. चांगल्या मताची हीच खूण आहे की त्यातून तुमच्या उलट आवडीच्या माणसालाही त्याचा निर्णय घेता यावा.

गुळगुळीत शब्द आणि त्यांच्या जागी काय

"स्लो" याचे निदान तीन अर्थ होतात. एकेक प्रसंग लांब आहे. किंवा प्रसंग छोटे आहेत पण गोष्ट पुढे सरकत नाही. किंवा पुढचं सगळं आधीच कळतं आणि पिक्चर मागून धापा टाकत येतो. पहिला प्रकार काहींना आवडतो. दुसरा कुणालाच नाही. तिसऱ्यात दोष वेगाचा नसतोच, लेखनाचा असतो. कुठला ते सांगा.

"एडिटिंग खराब" हा शेरा फार स्वस्त झालाय. संकलकाच्या हातात जेवढं चित्रण येतं त्यातूनच त्याला कापायचं असतं. एकच माहिती तीन प्रसंगांत तीनदा सांगितली असेल तर ते पटकथेचं दुखणं. मारामारीत कोण कुणाला मारतोय, कोण कुठल्या बाजूला उभा आहे तेच कळेना, तर तिथे संकलनाबद्दल बोलायला जागा आहे. पण त्यातही चित्रण कसं केलं याचा वाटा असतोच.

"कॅमेरा भारी" म्हणताना बहुतेकांना ड्रोनमधून दिसलेला घाट किंवा तलाव आठवत असतो. जागा सुंदर असणं वेगळं. एका साध्या खोलीत दोन माणसं बोलतायत आणि तरी नजर हलत नाही, असा प्रसंग सापडला तर छायाचित्रणाचं कौतुक करा.

"म्युझिक" म्हणताना गाणी की पार्श्वसंगीत ते सांगा. अनेकदा दोन्ही वेगवेगळ्या माणसांची कामं असतात, आणि हे शेवटच्या श्रेयनामावलीत लिहिलेलं असतं. लाईट लागल्या लागल्या दाराकडे पळणाऱ्यांना ते कधीच कळत नाही.

"लॉजिक नाही." नायकाने एका ठोशात वीस जण लोळवले म्हणून मसालापटाला लॉजिक विचारू नये, तो खेळ तसाच ठरलाय. मात्र पिक्चरने स्वतःच घातलेला नियम मोडला, म्हणजे सुरुवातीला ज्याला पोहता येत नाही असं ठसवलं तो शेवटी नदी पोहून पार करतो, तर बोलायचा पूर्ण हक्क तुम्हाला.

भाषेच्या बाबतीत सोलापूरकरांचा कान तर पुण्या-मुंबईच्या समीक्षकापेक्षा तयार असतो, तो वापरा. 'सैराट' (२०१६) करणारे नागराज मंजुळे करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे, नायिका रिंकू राजगुरू अकलूजची. त्या पिक्चरमधलं बोलणं आपल्या जिल्ह्यात कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. याउलट बऱ्याच पिक्चरमध्ये 'गावरान' म्हणून एकच साचा असतो: सातारा असो, बार्शी असो की विदर्भ, सगळे "व्हय" आणि "म्या" म्हणत फिरतात. अक्कलकोटकडचं कन्नड वळणाचं मराठी आणि बार्शीकडचं मराठवाड्याला लागून असलेलं मराठी यांत फरक आहे, तो तुम्हाला ऐकू येतो. कुठल्या पात्राची बोली खोटी वाटते हे सांगताना एखादं वाक्य उचलून दाखवा, आणि ते आपल्याकडे कसं म्हणतात तेही. असं मत दुसरीकडे कुठे वाचायला मिळणार नाही.

खऱ्या माणसावरचा पिक्चर असेल तर "किती खरं?" आणि "किती चांगला?" हे दोन प्रश्न वेगळे ठेवा. आपल्या गावच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांवर व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये पिक्चर काढला, कोटणीस चीनमध्ये वारले त्यानंतर चारच वर्षांनी. शांतारामांनी स्वतःच कोटणीसांची भूमिका केली आणि त्यांच्या चिनी पत्नीचं काम जयश्रीबाईंनी. आजच्या डोळ्यांना चिनी बाईच्या भूमिकेत मराठी नटी खटकेल. खटकलं तर तसं म्हणावं, आणि पिक्चर कुठल्या काळातला आहे तेही त्याच वाक्यात म्हणावं. इतिहासाबद्दल मात्र आपण स्वतः दुसरीकडे वाचून खातरजमा केली तेवढंच बोलावं. पिक्चरमध्ये दाखवलं म्हणून घडलं असेल, हा पुरावा होत नाही.

याच्याच जोडीला एक कडू गोष्ट. विषय चांगला म्हणून पिक्चर चांगला होत नाही. शेतकरी आत्महत्या, जात, पाणी, मुलींचं शिक्षण, विषय कितीही जिव्हाळ्याचा असो, तो कंटाळवाणा केला असेल तर तसं सांगितल्याने विषयाचा अपमान होत नाही. "मराठी आहे म्हणून तरी बघाच" या आग्रहाने मराठी पिक्चरचं नुकसानच झालंय. एकदा फसलेला माणूस पुढच्या चांगल्यालाही जात नाही. ओळखीच्या कुणी केलेला पिक्चर असेल तर त्याला फोनवर सगळं सविस्तर सांगा, ग्रुपवर जमलेलंच सांगा, पण जे जमलंच नाही ते जमलं म्हणू नका.

घरच्यांना नेऊ का?

इथे तुमची आवड बाजूला. यूए १३+ यावरून वय कळतं, अवघडलेपण कळत नाही. नेमकं सांगा: रक्त किती आणि कसं, शिव्या आहेत का, चुंबन किंवा शय्यादृश्य आहे का आणि साधारण कुठे, आत्महत्या किंवा बाळंतपणातला मृत्यू आहे का. घरात नुकतंच कुणी गेलं असेल तर हा शेवटचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा, आणि इथे गोष्ट थोडी फुटली तरी चालेल. पण हे ग्रुपवर न लिहिता त्या एकाच माणसाला कळवा. आजोबांना सोबत न्यायचं असेल तर लांबी, मध्यंतर किती वेळाने येतं, बाल्कनीला जिने आहेत की लिफ्ट, हे सांगा. फार लखलखाट असलेला पिक्चर असेल आणि घरात कुणाला फिट येत असतील तर आवर्जून सांगा.

ग्रुपवर टाकताना

व्हॉट्सअ‍ॅपची सूचना आली की संदेशाच्या सुरुवातीच्या ओळी कुलूपबंद मोबाईलवरही दिसतात. म्हणून सुरुवातीला निरुपद्रवी मजकूर: कुठे पाहिला, कुठली भाषा, किती वेळ. गुपितं असलेलं काही टाकायचंच असेल तर "पुढे शेवटाबद्दल आहे" असं लिहून रिकाम्या ओळी सोडा, म्हणजे ते "अधिक वाचा"च्या खाली जातं. आवाजात सांगायचं तर साठ ते नव्वद सेकंद. निष्कर्ष आधी, कारणं नंतर, कारण बहुतेक जण पहिल्या वीस सेकंदांनंतर दीडपट वेगाने पळवतात.

स्टार द्यायचेच असतील तर आधी स्वतःचं माप पक्कं करा. सगळ्यांनी पाहिलेले दोन पिक्चर निवडा, एक तुमच्या लेखी दोनचा, एक चारचा, आणि ते ग्रुपला सांगून ठेवा. नाहीतर सगळ्यांचं सगळं तीनवर येऊन थांबतं. त्याहून बरं माप म्हणजे "थिएटरात जा", "घरी आल्यावर बघ", "टीव्हीवर लागला आणि रिमोट लांब असला तर बघ." बरेचसे हिंदी पिक्चर साधारण आठ आठवड्यांनी ओटीटीवर येतात, दाक्षिणात्य त्याआधीही येतात, त्यामुळे "थांब" म्हणणं हा खरा उपयोगी सल्ला असतो.

स्टेटसला पडद्याचा व्हिडिओ टाकू नका, नायकाच्या एन्ट्रीचा पंधरा सेकंदांचासुद्धा. थिएटरात चोरून चित्रीकरण करण्यावर २०२३ च्या कायदादुरुस्तीने किमान तीन महिने आणि जास्तीत जास्त तीन वर्षं कैद आणि निदान तीन लाख रुपये दंड ठेवलाय. तिकिटाचा फोटो टाका, त्यात कुणाचं काही जात नाही.

"पण दोनशे कोटी कमावले की!" असं कुणी म्हणालं तर दोन गोष्टी विचारा: ग्रॉस की नेट, म्हणजे करासकट की कर वजा करून, आणि त्याचा आवडण्याशी संबंध काय. पहिल्या तीन दिवसांची कमाई पिक्चर बघायच्या आधी काढलेल्या तिकिटांचीच जास्त असते.

वाद झाला तर "तुला कळलाच नाही" हे वाक्य टाळा. त्यानंतर पिक्चर बाजूलाच राहतो. "तुला नेमका कुठल्या सीनला कंटाळा आला?" असं विचारा. समोरच्याला सीन सांगता आला तर बोलणं पुढे जातं, आणि नाही आला तर त्याने पिक्चर न बघता दुसऱ्याचं मत पुढे ढकललंय हे आपोआप कळतं. आवडत्या हिरोचे फॅन असतील तर आधी त्या हिरोचं जमलेलं काम सांगून मग पटकथेवर घसरावं, हा व्यवहार झाला.

लहान मुलं आणि म्हातारी माणसं "चांगला होता" याच्या पुढे सरकत नाहीत, पण त्यांचं मत काढता येतं. पोराला विचारा, कुठला सीन पुन्हा बघायचाय, आणि भीती कुठे वाटली. आजीला विचारा, तू कुणाच्या बाजूने होतीस, आणि डोळा कुठे लागला. फक्त आजीला विचारायच्या आधी स्वतः पिक्चर पाहून घ्या. ती सुरुवातच शेवटापासून करते.